घाबरून जाऊ नये

बागवान मॅडम हिरव्या पेनानं तपासतात.
लाल रंग, त्या म्हणतात, माणसं
धोक्याच्या पातळीला वापरतात, शुद्धलेखनाला नको.

जनसंपर्क लेखन, पेपर चौथा,
मंगळवार-गुरुवार, दुपारी अडीच.
पंखा एक, आम्ही एकोणीस,
त्यातले अकरा बाकाखाली तलाठी भरतीचं पुस्तक उघडून.

मी बारावीला निबंधात पहिली आलेली.
उद्घाटनाच्या बातमीत लिहिलं, ‘दिमाखदार सोहळा’.
‘तू होतीस तिथं?’
‘नाही.’
‘मग दिमाख कुणी मोजला?’
खुर्च्या किती होत्या ते लिही, म्हणाल्या,
आणि रिकाम्या किती राहिल्या ते माहीत असू दे.

मग सराव दिला.
समज, तू महापालिकेची माहिती अधिकारी.
राजाराम बंधाऱ्यावर एकेचाळीस फूट,
रात्रीचे अकरा, पाणी चढतंय.
निवेदन काढ. दीडशे शब्द.

‘पंचगंगेने रौद्र रूप धारण केले असून
प्रशासन परिस्थितीवर लक्ष ठेवून आहे.
नागरिकांनी घाबरून जाऊ नये.’

रौद्र गेलं.
लक्ष कोण ठेवून आहे? नाव, फोन नंबर.
तिसऱ्या ओळीवर पेन थांबलं.
‘हे वाक्य मी लिहिलंय,’ मॅडम म्हणाल्या,
‘नोकरीत असताना. एका पुरात.
एक आजोबा सकाळी पत्र्यावरून काढले,
खिशात तो कागद, भिजलेला.
मला म्हणाले, तुम्हीच लिवलंय न्हवं, घाबरू नका म्हणून?’
बाहेर कुणीतरी गाडीला किक मारत होतं, लागत नव्हती.
‘घाबरू दे माणसाला.
घाबरलेला माणूस चालायला लागतो.
आपण फक्त सांगायचं, कुठं.’

दुसरा खर्डा मी पायांनी लिहिला.
दुधाळी, सुतारवाडा, गंगावेश फिरून आले.
कुठल्या गल्लीनं कुठल्या शाळेत जायचं,
बस कुठल्या कोपऱ्यावर, किती वाजता,
औषधं आणि रेशनकार्ड कशात गुंडाळायचं.
एकही विशेषण नाही. मलाच ओळखू येईना.

संध्याकाळी दूधकट्ट्यावर बाबांना वाचून दाखवलं.
गिऱ्हाईक उभं, ग्लासात फेस चढत होता,
चंद्रीच्या पोटाला डोकं टेकवून बाबांनी
सगळं ऐकलं, धार न तोडता.
‘बोलल्यावानी लिवलंयस. झ्याक.
आन् म्हसरं?’
‘काय म्हसरं?’
‘त्यास्नी कुठं न्यायचं? शाळंत म्हस घेत्यात व्हय?’
मी कागद उलटा करून पाहिला, जणू मागं लिहिलेलं असावं.
‘म्हणूनशान माणसं हलत न्हाईत, बाई.
घाबरत न्हाईत म्हणून न्हवं.’
गिऱ्हाइकानं मिशीवरचा फेस पुसला
आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवशी तीन ऑफिसांत फोन केले.
तिसऱ्यात एक कारकून म्हणाला,
असं अजून कुणी विचारलंच नव्हतं,
थांबा, विचारून सांगतो.
चाळीस मिनिटं थांबले. रिचार्ज संपत आला.

‘जनावरांसाठी तपोवन मैदान.
वैरण-पाणी तिथे मिळेल.
गळ्यातला दोर सोडून आणू नये.
हे शेवटचं बाबांचं,
नाहीतर गर्दीत आपली म्हैस ओळखणार कशी.

मॅडमनी बोटानं शब्द मोजले.
एकशे एकसष्ट.
हिरव्या पेनाचं टोपण काढलं, परत मोजलं.
मग वरचं ‘मा. आयुक्तांच्या आदेशान्वये’ खोडलं,
‘सर्व संबंधितांच्या सहकार्याने’ खोडलं,
‘याद्वारे कळविण्यात येते की’ खोडलं,
बाकावरून ते अकराजणही आता वर बघत होते.

एकशे पन्नास.
दोर राहिला.